मोजून पाच मिनिटं

मराठी भाषेत 'पाच मिनिटं' हे काळाचं माप नाही, तो एक आशीर्वाद आहे. देणाऱ्याला काही खर्च येत नाही आणि घेणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. 'पाच मिनिटांत पोचतोच' असं फोनवर सांगणारा माणूस त्या क्षणी टॉवेल गुंडाळून दाढीचं सामान शोधत असतो. लग्नाच्या कार्यालयात 'पाच मिनिटांत पंगत बसतेय' हे ऐकून जे पाहुणे खुर्चीवरून उठतात, ते एक तर नवखे असतात किंवा मधुमेही. नळ दुरुस्त करणाऱ्याची पाच मिनिटं कधी सुरू होतात आणि कधी संपतात, हे सांगायला पंचांगच उघडावं लागतं. फार कशाला, मी स्वतः बँकेत कारकून आहे. कोणत्या कामाला किती मिनिटं लागतील याचा ठळक छापील फलक आमच्या शाखेच्या भिंतीवर आहे. तरीही काउंटरवरून मी 'पाच मिनिटं बसा हं' म्हटलं, की जुने खातेदार त्या फलकाकडे ढुंकूनही बघत नाहीत. ते पिशवीतून वर्तमानपत्र काढतात आणि पहिल्या पानापासून सुरुवात करतात.

पण या समस्त पाच मिनिटांचं माहेर कुठे असेल, तर ते शाळेच्या वर्गात.

'मुलांनो, पाच मिनिटं देते. गटात बसा, चर्चा करा आणि उत्तर लिहा,' असं बाई सांगतात. मग काय होतं? पहिलं मिनिट बाकं सरकवण्यात जातं. वास्तविक बाक सरकवायला दहा सेकंद पुरेत; पण बाकाचे पाय फरशीवर घासले की जो स्वर निघतो, तो अर्ध्यावर तोडणं कुठल्याही मुलाला प्रशस्त वाटत नाही. दुसरं मिनिट 'लिहिणार कोण' या वादाला. तिसरं मिनिट, ज्याने लिहायचं ठरलं त्याला पेन मिळवून द्यायला. चौथ्या मिनिटाला गटातल्या एकाला भयंकर तहान लागते आणि त्याला सोबत म्हणून दुसऱ्यालाही लागते. पाचवं मिनिट बहुधा उजाडतच नाही, कारण तोवर बाई हजेरीपत्रकात नाही तर शालेय पोषण आहाराच्या नोंदवहीत बुडालेल्या असतात. त्यांनी मान वर केली, की पाच मिनिटं झाली! ती कधी तीन भरतात, कधी तेरा. ही गोष्ट मुलांना पहिलीपासून ठाऊक असते. जो वेळ केव्हा संपणार हे देणाऱ्यालाच माहीत नाही, त्याची उधळपट्टी करायला मुलांनी का म्हणून भ्यावं?

हे मी ऐकीव सांगत नाही. आमच्या घरी शिक्षण खातं रोज रात्री माझ्या ताटासमोरच बसतं. सौ. एका मराठी शाळेत सहावीच्या वर्गाला शिकवते. वर्गात ४८ मुलं. ती रोज संध्याकाळी घरी येते तेव्हा तिचा घसा आणि आमच्या गल्लीतल्या भंगारवाल्याचा घसा यांत फरक करणं कठीण जातं.

दोन वर्षांपूर्वी तिच्या मनात केक करायचं आलं. केकला चाळीस मिनिटं लागतात असं कृतीत लिहिलेलं असल्यामुळे तिने टोमॅटोच्या आकाराचा एक टायमर विकत आणला. वरचा भाग पिळायचा, तो टिकटिक करत मागे फिरतो आणि वेळ भरली की सायकलच्या घंटीसारखा वाजतो. तोपर्यंत आमच्या स्वयंपाकघरात वेळ मिनिटांत मोजायची पद्धत नव्हती. ती शिट्ट्यांत होती. डाळ तीन शिट्ट्या, छोले सहा, आणि शेजारच्या काकू बोलायला आल्या तर शिट्ट्या मोजायचं काम माझ्याकडे. केक एकदाच झाला. तो कसा झाला याबद्दल मी घरात काही बोलत नाही आणि इथेही बोलणार नाही. टोमॅटो मात्र मसाल्याच्या डब्यामागे पडून राहिला.

"अहो, तो टोमॅटो मी शाळेत नेतेय," एक दिवस ती म्हणाली.

"डब्याला?"

"वर्गात. मोबाइल वर्गात न्यायचा नाही असं ठरलंय आमच्याकडे. मला वेळ लावायचीय."

"पण तुझ्या हातात घड्याळ आहे की!"

"ते मला दिसतं. मुलांना कुठे दिसतं?"

कॉमर्सच्या पदवीधराला एवढ्यात सगळं कळायला हवं होतं, कारण खातेपुस्तक खातेदाराला का द्यायचं याचं उत्तरही हेच आहे.

पहिल्या दिवसाचा वृत्तांत मी जेवताना ऐकला. तिने टोमॅटो टेबलावर ठेवला. काय करायचं ते आधी सांगितलं. शेवटच्या बाकावरच्या एकाला उठवून त्याच्याच तोंडून ते पुन्हा वदवून घेतलं. आणि मग पाचावर काटा आणून सोडून दिला. वर्गात टिकटिक सुरू झाली. एका मुलाने बोट वर केलं.

"बाई, हे वाजणार?"

"वाजणार."

"पाच मिनिटांनी?"

"पाच मिनिटांनी."

"खरोखरची पाच मिनिटं?"

या प्रश्नात मराठी संस्कृतीचा सगळा इतिहास आला! आपल्याला दिलेली पाच मिनिटं मोजून पाचच असतील, ती कमी भरणार नाहीत आणि वाढवून मिळणार नाहीत, हा त्या मुलांना धक्काच होता. त्या दिवशी बाकं वीस सेकंदांत सरकली. कुणालाही तहान लागली नाही. घंटी वाजली तेव्हा दहातल्या सात गटांनी काही तरी लिहिलेलं होतं आणि उरलेले तीन गट 'बाई, अजून एकच मिनिट' म्हणून गयावया करत होते. ज्या वर्गात तास कधी संपतो याकडे डोळे लागलेले असतात, तिथे मुलं आणखी एक मिनिट मागत होती, हे सांगताना सौ.चा बसलेला घसासुद्धा भरून आला.

कामाचा आणि वेळेचा हा संबंध सिरिल नॉर्थकोट पार्किन्सन नावाच्या इंग्रज गृहस्थाने १९५५ साली 'द इकॉनॉमिस्ट'मध्ये लिहून ठेवला. कामाला जितका वेळ द्यावा तितकं ते फुगत जातं, असा त्याच्या नियमाचा मथितार्थ. बँकेत मार्चअखेर पाहिलेल्या माणसाला हे वाचायची गरज नाही. जे ताळमेळ आम्हाला जानेवारी-फेब्रुवारीत जमत नाहीत, ते ३१ मार्चच्या रात्री वडापावच्या साक्षीने जमतात. आम्ही फेब्रुवारीत आळशी असतो आणि मार्चात उद्योगी होतो असं नव्हे. फेब्रुवारीला शेवट नसतो, एवढंच. अट्ठावीस तारखेनंतर एक तारीख येतेच. मुलांच्या बाबतीतही हेच होत असावं. 'चर्चा करा' या कामाला टोक नव्हतं. टोमॅटोने ते काढून दिलं.

दुसरा फायदा आणखी मोठा. 'झाला वेळ, पेनं खाली' हे बाईंनी सांगितलं, की मुलं बाईंशी वाद घालतात. त्यांना किती वेळ दिला, यांना किती, असा पंक्तिप्रपंच काढतात. टोमॅटोशी कोण भांडणार? याचं मर्म मी काउंटरवर रोज अनुभवतो. 'आज होणार नाही' असं मी म्हटलं, तर खातेदार माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करतो. 'सिस्टम घेत नाही' म्हटलं, की तोच माणूस सहानुभूतीने माझ्याकडे बघतो. वर्गातली सिस्टम टेबलावर टिकटिकत होती आणि बाईंना पहिल्यांदाच मुलांच्या बाजूला उभं राहायला मिळत होतं. 'चला, चला, दोन मिनिटं राहिलीत आपली' असं त्या म्हणायला लागल्या. 'तुमची' नव्हे, 'आपली'. सर्वनामाचा हा बदल त्या प्लॅस्टिकच्या टोमॅटोने घडवला.

आता घरात एखादं यंत्र यशस्वी झालं, की त्याचं घराणं शोधून काढणं हे मराठी माणसाचं आद्य कर्तव्य असतं. तसं मी शोधलं. गंमत अशी, की टोमॅटोला खरोखरच घराणं निघालं. गेल्या शतकातल्या ऐंशीच्या दशकाच्या शेवटी फ्रान्सेस्को चिरिलो या इटालियन विद्यार्थ्याचं अभ्यासात लक्ष लागेना; त्याने स्वयंपाकघरातला टोमॅटोच्या आकाराचा टायमर उचलला आणि पंचवीस मिनिटं अभ्यास, पाच मिनिटं विश्रांती असा पायंडा पाडला. इटालियन भाषेत टोमॅटोला पोमोदोरो म्हणतात, म्हणून ती पोमोदोरो पद्धत. जगभरचे लोक आज या नावाने कामाला लागतात.

पण इटलीने फार मिरवू नये. आमच्याकडे घटिकापात्र होतं. बुडाला बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी पाण्यावर ठेवायची. छिद्रातून पाणी आत येत येत ती भरून बुडाली, की एक घटिका झाली. दिवसरात्रीच्या साठ घटिका. म्हणजे हिशेब केलात तर एक घटिका बरोबर चोवीस मिनिटांची. इटलीने केवढा शोध लावला, तर एका मिनिटाचा! लग्नात अंतरपाटाच्या दोन्ही बाजूंना ताटकळलेल्या जीवांची पुढची पन्नास वर्षं त्या वाटीच्या बुडण्यावर ठरायची.

शिवाय आपले खेळ बघा. मुलं ज्यात जीव टाकतात ते सगळं वेळ लावलेलंच असतं. खो-खोचा पाठलाग नऊ मिनिटांचा. कबड्डीची चढाई तीस सेकंदांची. आणि हे सेकंद येण्याआधी जेव्हा नुसतं हुतूतू होतं, तेव्हा तर टायमर खेळाडूच्या छातीतच बसवलेला असे. दम आहे तोवर वेळ आहे. मैदानावर जी पोरं नऊ मिनिटांत गुडघे फोडून घेतात, तीच पोरं पस्तीस मिनिटांच्या तासिकेत डोळे उघडे ठेवून झोपतात, याचं कारण मैदानाला रेघ असते आणि काळाला शिट्टी असते.

असो. यशाचा वास लपत नाही. महिन्याभरात टोमॅटोची कीर्ती शिक्षकखोलीत पोचली आणि साथ पसरली. एका सरांनी वाळूचं घड्याळ आणलं. ज्या वर्गात भिंतीवर स्मार्ट बोर्ड होता, तिथे हातभर उंचीचे लाल आकडे उलटे धावू लागले. मराठीच्या एका हौशी बाईंनी फळ्यावर 'कवितेचा आस्वाद : तीन मिनिटं' असं लिहिल्याचं कळलं. तीन मिनिटांत आस्वाद घेऊन चौथ्या मिनिटाला मुलांनी हात धुतले किंवा कसं, ते समजलं नाही. आमच्या घरीही लोण आलं. माझ्या अंघोळीला आठ मिनिटं मंजूर झाली. वर्तमानपत्राला बारा. त्यात कोडं धरून.

आणि एका संध्याकाळी सौ. गप्प घरी आली. घसा चांगला होता, पण बोलत नव्हती. जेवण झाल्यावर तिने वह्यांच्या गठ्ठ्यातून एक वही काढून माझ्यापुढे उघडली.

"हे सप्टेंबरचं पान. टोमॅटोच्या आधीचं. हे आत्ताचं."

आधीच्या पानावर अक्षर वेडंवाकडं होतं, पण अर्धं पान भरलेलं होतं. आत्ताच्या पानावर तारीख होती, विषय होता आणि त्याखाली एका वाक्याचे तीन शब्द. पुढच्या पानावरही तेच. त्याच्या पुढच्या पानावर नुसतीच तारीख.

मुलगा शेवटून दुसऱ्या बाकावरचा. हुशार नाही आणि मठ्ठही नाही, सावकाश. वेलांटीला वेळ देणारा. टोमॅटो सुरू झाला, की तो वहीकडे बघायचाच थांबला होता. पूर्ण पाच मिनिटं तो टेबलाकडे बघत बसायचा, वाजण्याची वाट बघत. चाळीस मुलांच्या अंगात जे वारं भरत होतं, त्याच वाऱ्याने या एका मुलाची वात विझत होती.

"तो म्हणतो, बाई, मला ते टिकटिकच ऐकू येतं, दुसरं काही सुचत नाही," सौ. म्हणाली.

मला आमच्या बँकेतला महिन्याचा पहिला आठवडा आठवला. पेन्शनचे दिवस. ऐंशीच्या घरातले एक आजोबा काउंटरवर येतात, पैसे काढायच्या स्लिपवर सही करायला लागतात. मागे पंधरा माणसांची रांग. रांगेतला एक जण घसा खाकरतो, दुसरा मनगटावरच्या घड्याळाकडे बघतो, तिसरा 'आजोबा, होऊ द्या निवांत' असं म्हणतो, आणि ते सगळ्यांत वाईट. आजोबांचा हात थरथरायला लागतो. सही नमुन्याच्या सहीशी जुळत नाही. पुन्हा स्लिप, पुन्हा थरथर. त्यांना सही येत नाही असं थोडंच आहे? चाळीस वर्षं सरकारी कागदांवर केलीय त्यांनी. रांग हाच तिथला टायमर असतो, आणि तो त्यांच्या मानेवर टिकटिकत असतो.

"मग तुम्ही काय करता?" सौ.ने विचारलं.

"मी ड्रॉवरमध्ये काही तरी शोधतो."

"काय?"

"काही नाही. खाली मान घालून शोधत बसतो. मी बघत नाही म्हटल्यावर रांगही माझ्याकडे बघायला लागते, आजोबांकडे नाही. तेवढ्यात सही होते. जुळते."

सौ. माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. बावीस वर्षांच्या संसारात बँकेतली एखादी गोष्ट तिने एवढ्या लक्षपूर्वक ऐकल्याचं मला स्मरत नाही.

त्यानंतर तिने जे केलं, त्याला शिक्षणशास्त्रात आधार आहे हे मागाहून कळलं. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन बाईंनी १९७० च्या आसपास वर्गावर्गांतल्या तासांचं ध्वनिमुद्रण ऐकून एक साधी गोष्ट मोजली. प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तराची वाट किती वेळ बघतात? उत्तर निघालं, साधारण एक सेकंद. त्या एका सेकंदात उत्तर आलं नाही, की शिक्षक दुसऱ्याला विचारतात नाही तर स्वतःच सांगून टाकतात. हाच वेळ तीन सेकंदांवर नेला, तर मुलांची उत्तरं लांब होतात, 'माहीत नाही' कमी होतं, आणि जी मुलं एरवी तोंड उघडत नाहीत, ती उघडतात. फक्त दोन सेकंदांचा फरक! एवढ्या वेळात माझं पेनाचं टोपणसुद्धा निघत नाही.

सौ.ने टायमर आधी स्वतःला लावला. प्रश्न विचारायचा आणि मनातल्या मनात तीन अंक मोजून होईपर्यंत एक अक्षर बोलायचं नाही. ती सांगते, की अठ्ठेचाळीस मुलांसमोर गप्प उभं राहून काढलेले तीन सेकंद हे दाढ काढताना लागणाऱ्या वेळेएवढे असतात. शिक्षकाला शांतता सहन होत नाही. त्याचं पोट बोलण्यावर असतं. पण दुसऱ्या अंकावर एक हात वर यायचा, तिसऱ्यावर आणखी तीन. एके दिवशी चौथ्या अंकावर शेवटून दुसऱ्या बाकावरचा हात वर आला.

मग तिने टोमॅटोची नियमावली बदलली. बाकं सरकवणं, गट करणं, वह्या गोळा करणं, दप्तर आवरणं अशा सगळ्या हमालीला टायमर. तिथे कालच्यापेक्षा आज पाच सेकंद कमी, ही शर्यत खुशाल लावावी. गटातल्या चर्चेला टायमर, पण त्याआधी प्रत्येकाला एकट्याने विचार करायला एक मिनिट मुकं. (हा क्रमही नवा नव्हे. आधी एकट्याने, मग जोडीने, मग सगळ्यांसमोर, अशी पद्धत फ्रँक लायमन या अमेरिकन अध्यापकाने १९८१ साली मांडली आहे.) नव्या गणिताला, निबंधाला आणि कवितेला टायमर नाही. आणि टोमॅटो टेबलाच्या मध्यावरून हलवून कपाटावर, एका सुती रुमालाच्या घडीवर ठेवला. वाजतो तेव्हा ऐकू येतो. टिकटिक मात्र रुमाल गिळतो.

अथेन्समधल्या जुन्या न्यायालयांत वकिलीची भाषणं पाण्याच्या घड्याळावर मोजत. पण मध्ये एखादा कायदा किंवा साक्ष वाचून दाखवायची वेळ आली, की पाण्याची धार बोटाने बंद करत. ते पाणी अडवणारं बोट मला त्या सबंध यंत्रातला महत्त्वाचा भाग वाटतो. सौ.च्या रुमालाची जात तीच.

सगळ्यांत मोठा बदल मात्र पुढचाच. मिनिटं किती, हे ती आता एकटी ठरवत नाही. काम समजावून सांगते आणि विचारते, 'किती लागतील?' पहिल्या दिवशी लिलावासारखा गोंधळ झाला. 'बाई, दोन!' 'बाई, वीस!' 'बाई, उद्यापर्यंत!' हळूहळू मुलांना मिनिटाचं वजन कळायला लागलं. वाण्याकडे पाव किलो साखर म्हणजे केवढी हे जसं हाताला कळतं, तसं पाच मिनिटं म्हणजे केवढं लिहून होतं हे कळायला लागलं. हे कळणं थोडं नव्हे. आपल्यातल्या कित्येकांना ते साठीपर्यंत कळत नाही. ते 'पाच मिनिटांत पोचतोच' म्हणत फिरतात.

त्या मुलालाही विचारलं. तो म्हणाला, "बाई, मला नऊ लागतील."

वर्ग हसला. सौ.ने तीन अंक मोजले. वर्ग गप्प झाला. मग तिने टोमॅटो कपाटावरून काढून त्याच्या हातात दिला. "तूच लाव. तुझं झालं की सांग."

त्या दिवशी संध्याकाळी ती दारातूनच म्हणाली, "नऊ पुरली नाहीत हो त्याला!"

"अरेरे."

"अकरा लागली. पण पान भरलं!"

आता कुणी म्हणेल, की हे लाड किती दिवस? दहावीच्या परीक्षेत टोमॅटो मुलाच्या हातात देणार आहात का? प्रश्न रास्त आहे. पण परीक्षा मंडळालाही मिनिटांचं दुखणं कळतं. महाराष्ट्राच्या मंडळाने २०२३ पासून दहावी-बारावीच्या पेपरला शेवटी दहा मिनिटं वाढवून दिली. दिव्यांग उमेदवारांना तासाला किमान वीस मिनिटं जादा द्यावीत, अशी केंद्र सरकारची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. घड्याळ काढून टाकावं असं कुणीच म्हणत नाही; ते माणसाच्या मापाचं असावं, एवढंच म्हणणं. आणि आपल्याला नऊ नव्हे, अकरा लागतात हे ज्याला सहावीत कळलं, तो दहावीत कुठला प्रश्न आधी घ्यायचा हे शिकेल. ज्याला फक्त टिकटिक ऐकू आली, तो तारीख घालून बसून राहील.

परवा सौ.ने वर्गात लीलावतीची गोष्ट सांगितली. भास्कराचार्यांनी ११५० साली लिहिलेल्या ग्रंथातला गणिताचा भाग 'लीलावती' या नावाने प्रसिद्ध आहे. दंतकथा अशी सांगतात, की लीलावती ही त्यांची मुलगी. तिच्या पत्रिकेप्रमाणे लग्नाला एकच मुहूर्त होता, म्हणून त्यांनी घटिकापात्र लावलं. नटलेली मुलगी कुतूहलाने पाण्यात वाकून बघायला गेली आणि तिच्या दागिन्यातला एक मोती पात्रात पडून छिद्रात अडकला. पाणी आत जायचं थांबलं. वाटी बुडेना. सगळे वाट बघत राहिले आणि मुहूर्त टळून गेला. मग बापाने तिची समजूत काढायला, तुझं नाव टिकेल असा ग्रंथ लिहितो म्हणून सांगितलं आणि गणित लिहिलं. अकबराच्या दरबारातल्या फैजीने १५८७ मध्ये या ग्रंथाचं फारसी भाषांतर केलं, त्यात ही कथा येते. खरी असो वा नसो, एक टायमर बिघडल्याने पुढे साडेआठशेहून अधिक वर्षं मुलांना गणित सोडवायला लागलं, एवढं त्यातून सिद्ध होतं.

गोष्ट संपली. वर्ग हळहळला. पुढच्या बाकावरच्या मुलींनी मोत्याला दोष दिला, एका मुलाने लीलावतीला. सौ.ने विचारलं, "कुणाला काही विचारायचंय?" आणि ती गप्प राहिली. एक, दोन, तीन, चार.

शेवटून दुसऱ्या बाकावरचा हात वर आला.

"बाई, मोती काढून वाटी परत नसती का लावता आली?"

सौ. म्हणते, ज्योतिषशास्त्रात यावर काय उत्तर आहे ते तिला ठाऊक नाही. तिने त्याला कपाटावरचा टोमॅटो खाली काढायला सांगितला आणि गणिताची वही उघडायला लावली.